केनसाजची पहिली चूल

बुरुलच्या आधी तिच्या आईला ओळीने मुलीच झाल्या होत्या. ही पाचवी. बापाने कपाळाला हात लावला आणि पोरीचं नाव ठेवलं बुरुल, म्हणजे 'वळ'. नशिबा, आता तरी मुलाकडे वळ बाबा, असा त्यातला भाव. नशीब वळलं, पुढचा मुलगा झाला, आणि या कामगिरीचं श्रेय बुरुलला माहेरी जन्मभर मिळालं. पण त्यानंतर आपल्यासाठी म्हणून काही वळलं, असं तिला कधी आठवत नव्हतं. कारण ती लग्न होऊन काचकिनच्या घरात आली, आणि काचकिन हा काही वळणारा माणूस नव्हता. तो सरळ जायचा. तेही सगळ्यांच्या आधी.

त्यालाही कारण होतं. काचकिनची आई जैलूला, म्हणजे वरच्या उन्हाळी कुरणाला निघालेली असताना, जिंदी सू नदीच्या काठी पाणी उतरायची वाट बघत बसली होती. पाणी उतरायच्या आत काचकिन उतरला. या पोराला दम म्हणून धरवत नाही, असं गावाने तेव्हाच ठरवून टाकलं आणि त्याचं नाव ठेवलं काचकिन, पळपुट्या. तो पुढे आयुष्यभर या नावाला जागला. दर वर्षी बर्फ वितळलं की गावातली घरं नमद्याचे तंबू घोड्यांवर लादून केनसाजच्या कुरणाकडे निघत, आणि दर वर्षी केनसाजवर पहिला धूर काचकिनच्या चुलीचा असे. त्याच्या बापाचं तसंच होतं, आजाचंही तसंच असल्याचं सांगत. आजाच्या वेळचा धूर पाहिलेलं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे त्यावर वादही होत नसे.

आता पहिला येणाऱ्याचा मान मोठा, हे खरंच. पण पहिला येणाऱ्याच्या बायकोचं काय, याचा विचार कुणी केला नव्हता. कुरणावर जो आधी पोचला, त्याने मागून येणाऱ्या प्रत्येक घराला जेवू घालायचं, असा तिथला रिवाज. त्याला एरुलुक म्हणतात. वाटेने दमून आलेल्या बाईने त्या दिवशी चूल पेटवायची नाही. शेजारणीने तिचा लगाम धरायचा, तिला आत न्यायचं, दाराच्या समोर वरच्या गादीवर बसवायचं आणि तिच्या पुढ्यात चहा, साय, बोर्सोक म्हणजे पिठाचे तळलेले गोळे आणि मटण मांडायचं. फार सुंदर रिवाज. फक्त बुरुल नेहमी त्याच्या चुलीकडच्या बाजूला असायची. आज सत्कीनचं घर आलं, परवा त्याच्या मेव्हण्याचं, मग म्हातारा जोलदोश आपल्या दोन सुनांना घेऊन, आणि सगळ्यात शेवटी पशुवैद्याचं घर, ज्यांचं काही ना काही दर वर्षी वाटेत सांडायचं. पोचलेला प्रत्येक जण आधी काचकिनच्या तंबूत. पीठ मळून मळून बुरुलचे पंजे पुरुषासारखे रुंद झाले होते.

"बुरुल एजेच्या हातचे बोर्सोक खाल्ल्याशिवाय केनसाजला आल्यासारखं वाटतच नाही," असं सगळं खोरं म्हणायचं; एजे म्हणजे ताई. कौतुक ही फार सोयीची गोष्ट असते. ज्याचं करावं, त्याच्याच हातात पुन्हा परात देता येते.

तर मागच्या हिवाळ्यात, बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि काचकिन खोगिराचा पट्टा शिवत बसला होता, तेव्हा बुरुल म्हणाली, "अहो, ऐकता का?"

"ऐकतोय."

"या वर्षी आपण दुसरे जाऊ."

"कुठे दुसरे?"

"केनसाजला. पहिल्यांदा सत्कीनला जाऊ दे."

काचकिनने आरी थांबवून तिच्याकडे पाहिलं. "दाढ दुखतेय का?"

"दाढबीढ काही नाही. मला एकदा एरुलुक खायचंय. कुणीतरी म्हणावं, 'या एजे, दमलात, बसा.' आणि मी बसावं."

काचकिन इतका हसला, की आरी त्याच्या बोटात घुसली. बोट चोखत तो म्हणाला, "अगं बायबिचे, तुझ्यासारखं करणार कोण? सत्कीनच्या अनारकानने तळलेले बोर्सोक खाऊन माणूस मरेल."

"मेले तर पाहुणी म्हणून मरेन," बुरुल म्हणाली.

तो पुन्हा हसला, पट्टा पुरा केला आणि खुंटीला अडकवला. विषय संपला, असं त्याला वाटलं. बुरुलला तसं वाटलं नाही. तिचे गुडघे आता चढाला कुरकुरत. बिश्केकहून मुलगा दर फोनला सांगायचा, "आपा, पुढच्या वर्षी मेंढरं चुलत्याकडे देऊन टाका आणि इकडे या." पुढच्या वर्षी काय होईल कुणी सांगावं? एकदा, एकदाच आपण पोचावं आणि चूल आधीच पेटलेली असावी, एवढंच तिचं म्हणणं होतं.

वसंतात घोड्यांना नाल ठोकून झाले आणि काचकिनच्या पायाला भिंगरी लागली. नेमक्या त्याच वेळी बुरुलच्या घरात वस्तू हरवायला लागल्या. आधी तंबू बांधायचे विणलेले पट्टे गेले. ते सापडले तर समोवारचं धुराडं गेलं. धुराड्याशिवाय समोवार पेटत नाही, समोवाराशिवाय चहा नाही, आणि चहाशिवाय जैलूला निघालेला माणूस अजून त्या डोंगरात जन्माला यायचाय. काचकिनने गोठा उपसला, गवताची गंज उपसली, शेजारच्या तीन घरांवर संशय घेतला. बुरुल गोधड्यांच्या ढिगावर बसून लोकर कातत होती. धुराडं खालून दुसऱ्या गोधडीत होतं.

"बायबिचे, आजवर तुझी सुई हरवली नाही," तो हताश होऊन म्हणाला.

"वय झालं," बुरुल म्हणाली. हे तरी खरंच होतं.

ती बसलेली असतानाच सत्कीन आपली लादलेली घोडी घेऊन दारावरून गेला. सत्कीन म्हणजे दुसऱ्याला चिमटा काढून स्वतः आधी हसणारा माणूस. पांढरी उंच टोपी उचलून तो ओरडला, "काय काचकिन आके! यंदा उन्हाळा इथे शेतात बटाट्यांबरोबरच काढायचा वाटतं?" त्याची बायको अनारकान मागच्या घोड्यावरून हात हलवत गेली. त्यांच्यामागून मेव्हणा गेला. मग जोलदोश. काचकिन त्या दिवशी जेवला नाही. बुरुलला त्याची दया आली, नाही असं नाही. पण ती गोधड्यांवरून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुराडं सापडलं.

मेंढरं तरण्या मुलांबरोबर आधीच लांबच्या खिंडीवरून गेली होती. सामानाची घोडी जातात ती दरीतल्या जवळच्या वाटेने. दरीत शिरलं की दोन्ही बाजूंना काळपट सूचिपर्णी झाडं सरळसोट उभी असतात, वर आर्चाची वाकडी झुडपं, त्याच्याही वर उघडा खडक आणि शेवटी बर्फ. काचकिन पुढे तोंड बंद करून चालला होता. मागे बुरुलचं मात्र मनातल्या मनात जोरात चाललं होतं. ती सराव करत होती. आजवर शेकडो पाहुण्या तिच्या तंबूत बसून एक वाक्य म्हणाल्या होत्या, आणि ते तिने स्वतः कधी उच्चारलं नव्हतं: "अगं, कशाला एवढं केलंस!" ती ते हळू म्हणून बघत होती, लाडात म्हणून बघत होती, थोडं रागावून म्हणून बघत होती. घोडीचे कान प्रत्येक वेळी मागे वळत होते.

मग वळणाच्या पलीकडून जिंदी सूचा आवाज आला.

जिंदी सू म्हणजे वेडं पाणी. नाव ठेवणाऱ्याने फार विचार केला नसावा. दुपारी काठावर उभा राहिला असेल, झालं. पहाटे ही नदी इतकी गरीब असते, की तळातले गोटे दिसतात, वासरू उतरून जाईल. पण ऊन वरच्या हिमनदीवर पडलं, की दुपारपर्यंत तिच्या अंगात येतं. पाणी राखाडी होतं, फुगतं, आणि तळातून धोंडे गडगडत जातात, त्यांचा आवाज पायांना कळतो. तसंच धावत ती खाली जाऊन नारीनला मिळते, आणि नारीन एवढी मोठी, की एवढं सगळं पोटात घेऊन तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही.

बुरुलने काठाकडे पाहिलं आणि तिच्या ओठांवरचं वाक्य तिथेच राहिलं. नदीच्या अलीकडे पशुवैद्याचं घर सोडून सगळं गाव बसलं होतं. सत्कीन, अनारकान, मेव्हणा, जोलदोश, त्याच्या सुना, सगळी घोडी, सगळी गाठोडी.

"आलात एकदाचे!" सत्कीन उठला. "आम्ही म्हटलं, आता इथेच तंबू ठोकावेत आणि मेंढरांना निरोप धाडावा."

"तू अजून पलीकडे गेला नाहीस?" काचकिनने विचारलं.

"मला वेड लागलंय? दर वर्षी ही बाई तळ उकरते आणि उताराची जागा बदलते. ती जागा सापडते कुणाला? तुम्हाला. मी घोडा घातला, तर घोडा नारीनला पोचेल आणि मी त्याच्या मागोमाग."

"मग खाली टोपी उडवून दात काढत गेलास ते?"

"ते तुम्ही चिडून तरी निघाल म्हणून!"

काठावर हशा झाला. बुरुल घोडीवर बसून होती. तेवढ्यात अनारकान धावत आली, बुरुलचा लगाम धरला, आणि क्षणभर बुरुलला वाटलं, की आता ही म्हणणार, या एजे, बसा.

"बरं झालं आलात एजे," अनारकान म्हणाली. "कालपासून नुसतं सुक्या दह्याच्या गोळ्यांवर आहोत. पीठ, चरबी, सगळं तळाशी बांधलंय हो. पहिलं जेवण तुमच्याकडेच असतं ना, म्हणून वर काही ठेवायची सवयच नाही कुणाला."

सगळ्यांचे डोळे बुरुलच्या खोगिराच्या पिशवीवर होते. तिचं पीठ वरच होतं. वरच असायचं.

"पण तुम्ही आधी पोचलात," बुरुल हसत म्हणाली. हसणं जरा ओढून आणावं लागलं. "म्हणजे एरुलुक तुमच्याकडे."

"नदीकाठी कसलं एरुलुक, एजे!" सत्कीनला हसू आवरेना. "एरुलुक कुरणावर. उद्या म्हणाल, घोड्यावरच वाढा."

सगळे हसले. बुरुलही हसली. रिकिबीतून पाय निघायच्या आत तिचा हात समोवारकडे गेलेला होता, हे तिला स्वतःलाच नंतर कळलं. मग परात निघाली, कढई निघाली, आणि ऊन कलेपर्यंत ती सगळ्यांना पुरतील एवढे बोर्सोक तळत होती. दुसरी येऊनही पहिलीच. जोलदोश म्हातारा दोन्ही गाल भरून म्हणाला, "वा! आता केनसाजला आल्यासारखं वाटलं." केनसाज अजून एक नदी आणि एक डोंगर पलीकडे होतं.

काचकिन तेवढा हसला नव्हता. तो कढईजवळ आला, एक बोर्सोक उचलला, बुरुलच्या पिठाने भरलेल्या हातांकडे बघत उभा राहिला आणि तो न खाताच नदीकडे गेला. पण नदीकडे बघत बसणं हे त्याचं नेहमीचंच, म्हणून तिने लक्ष दिलं नाही.

सकाळी पाणी उतरलं. काचकिन काठी घेऊन काठाने वर गेला, खाली आला, घोडा घातला, मधे थांबून पाण्याची सुरकुती वाचली, आणि त्याला वाट सापडली. बुरुल आपल्या घोडीवर चढून तयार होती. दर वर्षी आधी त्यांची घोडी जात, आणि तो काठावर खूण ठेवून गेला की बाकीची आपापल्या दिवशी मागून. पण काचकिनने सत्कीनच्या घोड्यांची दोरी उचलली.

"आके, आमची?" सत्कीन गोंधळला. "आधी तुमची नाही?"

"बडबडू नकोस. पाय वर घे."

त्यांना पोचवून तो परत आला. मग मेव्हण्याची घोडी नेली. आणि मग, ज्या माणसाला जन्मायलाही धीर नव्हता, तो काठावर उतरून चहा मागायला लागला. चहा पिऊन त्याने घोड्याला चरू दिलं. मग घोड्याचा पाय उचलून खुरात काहीतरी शोधत बसला. पलीकडून सत्कीन हातांचा कर्णा करून ओरडत होता, "आके! ऊन चढतंय! एजेंना आणा!" काचकिनने त्याच्याकडे पाठ केली. मग सावकाश जोलदोश आणि सुनांना पोचवलं. तो पुन्हा अलीकडे आला, तेव्हा कमरेपर्यंत भिजला होता, पाणी राखाडी झालं होतं आणि तळात पहिला धोंडा गडगडला होता.

"आता उद्या," तो म्हणाला.

बुरुलने पाण्याकडे पाहिलं. याच्या दुप्पट पाण्यातून त्याने तिला नेलं होतं. एकदा तर मुलगा तिच्या पाठीला बांधलेला होता.

"खुरात काय होतं?" तिने विचारलं.

"खडा."

"दाखवा."

"नदीत टाकला."

बुरुल घोडीवरून उतरली. तिने त्याला कोरडा झगा दिला आणि त्याच्या शेजारी गवतावर बसली. पलीकडची माणसं चढाला लागून दिसेनाशी झाली. दिवसभर दोघं तिथेच होती. घोडी चरत होती, बिळांच्या तोंडाशी सुउर, म्हणजे डोंगरातल्या मोठ्या खारी, उभ्या राहून शीळ घालत होत्या, आणि नदीच्या आवाजामुळे बोलायचं तर जवळ सरकून बोलावं लागत होतं. बोलण्यासारखं फार नव्हतंच. तरी ती सरकून बसली होती.

दुपार कलल्यावर काचकिन म्हणाला, "एव्हाना सत्कीनचा धूर निघाला असेल."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय तर. नाही कसं?"

"मग जायचं होतं ना पुढे. मी काही बोलले का आज?"

"हिवाळ्यात बोललीस की." त्याने गवताची काडी तोडली. "ऐकतोय म्हणालो होतो ना मी."

बुरुलने उरलेल्या बोर्सोकांतला चांगला फुगलेला त्याच्या हातात दिला.

पहाटे दोघं पलीकडे गेली. डोंगर चढून धारेवर आल्यावर बुरुलने घोडी थांबवली. या धारेवरून तिने केनसाज दर वर्षी पाहिलं होतं. मोठ्या कटोऱ्यासारखं हिरवंगार, मधून चमकणारी पाण्याची रेघ, कडेला बर्फ आणि आत चिटपाखरू नाही, असंच तिला ते ठाऊक होतं. कुणीतरी हे सगळं आपल्यासाठी रिकामं करून ठेवलंय आणि आता भरायचंही आपल्यालाच, असं दर वर्षी वाटायचं. आज तिथे तंबू होते. कुत्री भुंकत होती. आणि धूर निघत होते, तीन वेगवेगळे, सरळ वर जाणारे.

"असं दिसतं होय," ती म्हणाली.

"काय?"

"आपण असतो तेव्हा, बाकीच्यांना."

खाली अनारकान तंबूतून पळत आली. तिच्या नाकाला पीठ लागलं होतं आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या माणसाची कळा होती. तिने लगाम धरला. "या एजे, दमलात. चला, बसा."

बुरुलने वाक्य तयार ठेवलं होतं. ते जरा लवकर सुटलं. "अगं, कशाला एवढं केलंस!" ती घोडीवरूनच म्हणाली, अजून काहीही दिसत नसताना.

तंबूत तिला दारासमोरच्या वरच्या गादीवर बसवलं. बसणं एवढं अवघड असतं, हे तिला माहीत नव्हतं. हात कुठे ठेवायचे, तेच कळेना. मांडीवर ठेवले, तर आपलेच वाटेनात. समोर अनारकान चहा ओतताना वाटी काठोकाठ भरत होती. पाहुण्याला असा चहा दिला, तर तो 'पी आणि जा' असा होतो. बुरुलने जीभ चावली. समोवार उतू जायला लागला, तशी ती अर्धी उठली. काचकिनने तिच्या झग्याचा काठ धरून खाली ओढलं.

"बस. पाहुणी आहेस."

बोर्सोक आले. बाहेरून ते कोळशाच्या नात्यातले होते आणि आतून कच्चे. सत्कीननेसुद्धा विनोद केला नाही, यावरून परिस्थिती समजावी. बुरुलने एक खाल्ला. मग हात पुढे करून दुसरा घेतला. मग तिसरा.

"एजे, खरं सांगा," अनारकान रडवेली झाली होती, "कसे झालेत?"

"गरम आहेत," बुरुल म्हणाली. "मी आजवर गरम खाल्लेच नव्हते."

जेवण झाल्यावर आशीर्वाद मागायची वेळ आली. तो पाहुण्यांतल्या मोठ्याने द्यायचा. सगळ्यांनी काचकिनकडे पाहिलं. काचकिनने मानेने बुरुलकडे दाखवलं. तिने तळवे उघडून पुढे धरले, सगळ्यांनी धरले, आणि तिला जन्मभर ऐकलेले सगळे आशीर्वाद एकदम विसरायला झालं.

"तुमची चूल विझू नये," ती म्हणाली. "दूध आटू नये. घोड्यांचे पाय शाबूत राहोत." मग थांबली. सगळे वाट बघत होते. "आणि पुढच्या वर्षी पीठ वर बांधा."

"ओमीन!" सगळे म्हणाले आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. सत्कीनचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

निघताना अनारकानने उरलेले बोर्सोक फडक्यात बांधून तिच्या हातात दिले. पाहुण्याला रिकाम्या हाताने धाडत नाहीत. बुरुलने अशी किती फडकी बांधून दिली होती, आणि ती किती जड लागतात ते तिला आज कळलं. तिने ते गाठोडं दोन्ही हातांनी नेलं.

सकाळी आपल्या तंबूत, आपल्या समोवारजवळ, ती ते सोडून बसली. आता ते गारही झाले होते, म्हणजे सांगायलाच नको. ती एकेक चहात बुडवून सावकाश खात होती. काचकिनने हात पुढे केला.

"तुम्हाला नाही," बुरुल म्हणाली. "हे खाऊन माणूस मरतो म्हणाला होतात."

"अर्धा दे."

तिने विचार केला, एक मोडला आणि त्याला लहान अर्धा दिला.